कुलूप माझं, पडदा कुणाचा?

लॉक स्क्रीनवर हौसेने थीम लावणाऱ्यांना नावं ठेवणं आता बंद करूया. वेळ पाहायला, चुकलेला कॉल पाहायला, कधी काहीच कारण नसताना, दिवसभर आपली नजर पुन्हा पुन्हा याच पडद्यावर जाते. तिथे काय दिसावं हे आपण ठरवावं असं वाटण्यात पोरकट काही नाही. रिक्षावाल्याच्या फोनवर शाळेच्या गणवेशातली मुलगी असते. आषाढ लागला की कितीतरी फोनवर विठोबा उभा राहतो. शिवजयंतीला रायगड येतो. गाव सोडून पोटासाठी शहरात आलेल्याच्या पडद्यावर गावची नदी असते. घर भाड्याचं, कामाच्या ठिकाणचं टेबल तिघांत मिळून एक, अशा माणसाला आपल्या मनासारखी सजवता येईल अशी जागा कधीकधी एवढीच उरते.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही जागा मोलाची आहे आणि तिच्यावरचा हक्क सोडता कामा नये. आज तो हक्क जातो आहे. जाहिरातदार तो घेतात, फुकटची थीम ॲप्स घेतात, मराठीचा विचारच न करणारे थीमवाले घेतात आणि उरलासुरला आपण आपल्या हाताने देऊन टाकतो.

कंपन्यांना या पडद्याची किंमत पहिल्यापासून माहीत आहे. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्झ यांनी आयफोन दाखवला, तेव्हा बोट सरकवून फोन उघडताना पाहून सभागृहाने दाद दिली. त्या सरकवण्याचं पेटंट ॲपलने घेतलं आणि त्यावरून सॅमसंगला कोर्टात खेचलं. २०१४ मध्ये अमेरिकी ज्युरीने तीन पेटंटांपोटी ११ कोटी ९६ लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्या तिनांत हे बोट सरकवणंही होतं. वरच्या कोर्टांत निकाल इकडचा तिकडे होत राहिला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर ते मिटलं. तोवर ॲपलने स्वतःच, २०१६ साली, आयओएस १० मधून ते सरकवणं काढून टाकलं होतं. एका बोटाच्या हालचालीसाठी कंपन्या इतकी वर्षं भांडतात, त्या अर्थी त्या पडद्याला कुणी किरकोळ समजू नये.

सजवण्याची मुभा मात्र आपल्याला थांबत थांबत मिळाली. अँड्रॉइडने २०१२ मध्ये लॉक स्क्रीनवर विजेट ठेवू दिली आणि दोनच वर्षांनी काढून घेतली. सॅमसंगच्या गुड लॉक ॲपमुळे घड्याळ हवं तिथे सरकवता आलं. ॲपलने २०२२ मध्ये आयओएस १६ मधून अंकांचं वळण, रंग आणि विजेट हातात दिली, तर गूगलने २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ मधून घड्याळाची निरनिराळी रूपं दिली. आज चांगल्या सजावटीसाठी लागणारं बहुतेक सगळं फोनमध्येच असतं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि बाहेरचं काही उतरवूनही घ्यावं लागत नाही. हे आधी लक्षात घ्या, कारण पुढची सगळी रड बाहेरून आत येणाऱ्यांची आहे.

पहिले येतात जाहिरातदार. ॲमेझॉनने २०१६ मध्ये अमेरिकेत प्राइम सभासदांसाठी काही फोन ५० डॉलर कमी किमतीत विकले. त्या बदल्यात लॉक स्क्रीनवर जाहिराती दिसत. सौदा पटण्यासारखा असो वा नसो, तो उघड होता आणि सवलत घेणाऱ्याच्या खिशात पडत होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲमेझॉनने त्या जाहिराती काढूनही टाकल्या.

आपल्याकडेही या पडद्यावर मोठा पैसा लागला आहे. बेंगळुरूच्या इनमोबी समूहाची ग्लान्स ही सेवा लॉक स्क्रीनवर बातम्या, व्हिडिओ, खेळ असा मजकूर दाखवते. तिच्यात गूगल आणि मिथ्रिल कॅपिटल यांनी १४.५ कोटी डॉलर घातल्याचं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिओने २० कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. धंद्यात पैसा घालण्यावर माझा आक्षेप नाही. फोन हातात घेताच बातम्या दिसाव्यात असं वाटणारे लोकही आहेत आणि त्यांनी त्या जरूर पाहाव्यात. पण या क्षेत्रातल्या प्रत्येक कंपनीला मी दोन प्रश्न विचारते. चालू करण्याआधी विचारलंत का? आणि ज्याला नको आहे त्याला सहज बाहेर पडता येतं का?

प्रश्न हवेतले नाहीत. माझ्या मावशीने लॉक स्क्रीनवर नातीचा फोटो लावला होता. लेकीकडून शिकून घेऊन, स्वतःच्या हाताने. एका अपडेटनंतर बाजूचं बटण दाबलं की दर वेळी भलतंच चित्र यायला लागलं. आधी कुणीतरी नटी, मग मोटार, मग झटपट कर्ज. चित्रावर बोट लागलं की फोनचं कुलूप न उघडताच एखादं पान उघडायचं. फोन बिघडला असं समजून ती तो दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. कंपनी कुठली आणि सेवा कुठली ते सांगत नाही. ते बंद करायची वाट कशी होती ते सांगते. सेटिंग्ज उघडायची, त्यात वॉलपेपर शोधायचं. तिथे एक गोंडस इंग्रजी नाव, ज्यावरून ही जाहिरातींची खिडकी आहे हे कळायला मार्ग नाही. आत गेल्यावर बंद करायचं बटण अगदी तळाशी, फिकट राखाडी. ते दाबलं की प्रश्न येतो, खरंच बंद करायचं का, केवढं गमावाल! त्याखाली 'चालू ठेवा' ठळक निळ्या रंगात आणि 'बंद करा' बारीक अक्षरांत. सत्तरीतल्या बाईने यातून वाट कशी काढायची? आणि हे सगळं सुरू होताना तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

अशा चलाखीला आपल्या कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. ग्राहकाला गोंधळात टाकून हवं तिकडे वळवण्याचे १३ प्रकार त्यात दिले आहेत. जाहिरातीला दुसराच वेश चढवणं त्यात आहे. सतत मागे लागणं आहे. पडद्याची मांडणी अशी करणं आहे की एक पर्याय डोळ्यांत भरावा आणि दुसरा सापडूच नये. मावशीच्या फोनवरची वाट या यादीशी ताडून पाहा.

दुसरा आधार २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा. आपली वैयक्तिक माहिती वापरायची तर संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, माहिती देऊन, विनाअट आणि निःसंदिग्ध घेतलेली असली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे, असंही सांगतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी कंपन्यांना मुदत मिळाली आहे. ती मुदत वाट काढण्यात घालवू नका, पाट्या मराठीत करण्यात घालवा.

आता फुकटची थीम ॲप्स. झिपर ओढली की उघडणारा पडदा, गुलाबाच्या पाकळ्या गळणारा पडदा, काच तडकल्यासारखा दिसणारा पडदा. दिसायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण आतली गोष्ट समजून घ्या. फोनचं खरं कुलूप फोनच्या मूळ प्रणालीत असतं. बाहेरून उतरवलेलं ॲप त्या कुलपाच्या वर नुसतं एक चित्र पसरतं. त्यासाठी ते 'इतर ॲप्सच्या वर दाखवण्याची' परवानगी मागतं. काही तर ॲक्सेसिबिलिटीची परवानगीही मागतात. ही सोय अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून केलेली आहे. ती मिळालेल्या ॲपला पडद्यावरचा मजकूर वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. दारात रांगोळी काढायला आलेल्याने तिजोरीची किल्ली मागितली तर आपण त्याला तिथूनच परत पाठवू. फोनवर मात्र 'अनुमती द्या' डोळे मिटून दाबलं जातं.

याहून वाईट म्हणजे यांतली काही ॲप्स सांगतात की दोनदा फोन उघडायला लागू नये म्हणून फोनचं मूळ कुलूप काढून टाका. लोक काढतातही. मग उरतो तो फक्त देखावा. फोन बंद करून चालू केला आणि ते ॲप जागं व्हायला वेळ लागला, की तेवढ्या वेळात फोन सताड उघडा. बँकेचे मेसेज, फोटो, गप्पा, सगळं. सहा आकड्यांच्या पिनला दहा लाख शक्यता असतात. झिपरला एकच, ती खाली ओढायची.

गूगल प्लेचा एक नियम इथे माहीत असलेला बरा. फोन कुलूपबंद असताना पडद्यावर जाहिराती दाखवायला ॲप्सना मनाई आहे. अपवाद फक्त अशा ॲपचा, ज्याचं एकमेव काम लॉक स्क्रीन हेच आहे. म्हणजे झिपरवाले नेमके त्या अपवादात बसतात. फुकट थीमचा खर्च कुठून निघतो, याचं उत्तर तिथे आहे. हा अपवाद गूगलने काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नुसतं चित्र तरी निर्धोक असतं का? बहुतेक वेळा असतं. पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या एका तळ्याचा सुंदर फोटो जगभर फिरला आणि तो वॉलपेपर म्हणून लावताच अँड्रॉइड १० वरचे कित्येक फोन बंद-चालू, बंद-चालू होत राहिले. फोटो काढणाऱ्याने काही वाईट केलं नव्हतं. फोटो ज्या रंगपद्धतीत साठवला होता तिचा हिशेब करताना प्रणालीचा आकडा २५५ ची मर्यादा ओलांडत होता आणि फोन कोलमडत होता. कित्येकांना सगळा फोन पुसून नव्याने सुरू करावा लागला. फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवलेली नव्हती त्यांचं काय झालं असेल! म्हणून वॉलपेपर स्वतःच्या कॅमेऱ्यातला किंवा फोनमध्येच आलेला लावणं बरं, आणि फोनमधल्या मजकुराची प्रत दुसरीकडे असणं त्याहून बरं.

पुढची तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते. फोनची भाषा मराठी केली की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर घड्याळाचे अंक देवनागरी होतात. १०:४५. पाहूनच बरं वाटतं. आता थीमच्या दुकानातून एखादी थीम घ्या. नमुन्यात घड्याळाचे अंक गुबगुबीत, गोल, रंगीत. ती लावा आणि मराठी फोनकडे पाहा. अंक पुन्हा होते तसे, बारीक आणि साधे. कारण थीम बनवणाऱ्याने अक्षरसंचात फक्त इंग्रजी अंक काढलेले असतात. देवनागरी अंक तिथे नाहीत, म्हणून फोन ते दुसऱ्या संचातून उसने आणतो. खाली वाराचं नाव असतं. इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या ओळीत 'शुक्रवार'चा उकार खालून कापलेला आणि 'सप्टेंबर'चा अनुस्वार वरून. हे दुरुस्त कसं करायचं असं विचारलं की सल्ला मिळतो, फोन इंग्रजीत करा.

का करायचा? पैसे मराठी माणसाने मोजलेत, फोन महाराष्ट्रात विकलाय, आणि देखणं घड्याळ हवं असेल तर भाषा सोडायची? अडचण तांत्रिक आहे असं कुणी सांगू नये. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मोदक'सारखे ठसठशीत देवनागरी अक्षरसंच मुक्त परवान्याखाली दिलेले आहेत. गूगल फॉन्ट्सवर ते कुणालाही विनामूल्य मिळतात. आयओएस १६ पासून आयफोनच्या लॉक स्क्रीनवर देवनागरी अंक निवडता येतात, मग फोनची भाषा कुठलीही असो. आयओएस १८ मध्ये बांगला, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा आणखी लिपींचे अंक आले. म्हणजे करायचं ठरवलं की होतं. थीमच्या दुकानदारांनी एक साधा नियम करावा. भारतात विकायची थीम मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत लावून पाहिल्याशिवाय दुकानात ठेवायची नाही. आणि थीम बनवणाऱ्या आपल्या मुलामुलींनी दहा देवनागरी अंक काढण्याइतका वेळ द्यावा. दहाच आहेत.

आता आपल्या वाट्याचं बोलूया. थीम निवडायला माणूस अर्धा तास देतो, पण लॉक स्क्रीनवर सूचना किती दिसाव्यात हे ठरवायला एक मिनिट देत नाही. फोन टेबलावर उताणा पडलेला असतो आणि बँकेचा ओटीपी, दवाखान्याचा अहवाल तयार असल्याचा मेसेज, भावाभावांतल्या वाटणीची बोलणी, हे सगळं नातीच्या फोटोवर रांगेने उमटत असतं. एसटीत शेजारच्या सीटवरच्या माणसाला ते वाचायला मान वळवावी लागत नाही. चोरलेल्या फोनवर ओटीपी असा बाहेर दिसत असेल, तर पिन माहीत नसूनही चोराचं अर्धं काम झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये सूचनांच्या भागात 'संवेदनशील मजकूर लपवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू केला की मेसेज आल्याचं दिसतं, त्यात काय आहे ते फोन उघडल्यावरच कळतं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हे आधी करा.

याच्या उलट, एक माहिती बाहेरच्या माणसाला दिसलीच पाहिजे. रक्तगट, औषधांची ॲलर्जी, चालू औषधं आणि कुणाला कळवायचं त्याचा नंबर. आयफोनवर 'मेडिकल आयडी' २०१४ पासून आहे, अँड्रॉइडवर अशी सोय २०१६ पासून. लॉक स्क्रीनवरच्या 'आणीबाणी' बटणातून ही माहिती पिनशिवाय उघडते. ११२ हा नंबरही पिनशिवाय लागतो. रस्त्यावर गाडीला अपघात झाला, फोनचा मालक बेशुद्ध आहे, मदतीला धावून आलेल्या माणसाच्या हातात फोन आहे. त्या क्षणी घरच्यांपर्यंत पोचायची सगळ्यात जवळची वाट त्या पडद्यावरून जाते. तिथे माहिती भरलेलीच नसेल तर काय उपयोग? आणि वर झिपरचं चित्र पसरलेलं असेल तर ते बटण सापडणार कसं? थीम ॲप काढून टाकायला माझ्या दृष्टीने एवढं एकच कारण पुरेसं आहे.

चित्र लावताना थोडा विचार केला तर सजावटही सुधारते. पडद्याचा वरचा तिसरा भाग मोकळा राहील असा फोटो निवडा. नवे फोन चित्रातला चेहरा ओळखून घड्याळ त्याच्यामागे ढकलतात. विठोबाचा मुकुट अंकांवर येतो आणि दहा वाजून पंधरा की दहा वाजून पंचेचाळीस, हे कळत नाही. हा परिणाम बंद करता येतो. पांढऱ्या आभाळावर पांढरे अंक मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसत नाहीत. आईबाबांना फोन लावून देताना मागे गडद आणि अंक मोठे ठेवा. आपल्याला आवडलेली थीम त्यांच्या डोळ्यांना झेपते का, हे त्यांनाच विचारा.

आणि कंपन्यांकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. लॉक स्क्रीनवरचा मजकूर आणि जाहिराती मुळात बंद असाव्यात. ज्याला हव्यात तो चालू करेल. चालू करताना विचारणा मराठीत असावी आणि 'नको'चं बटण 'हो'च्या बटणाएवढंच असावं. अपडेट आल्यावर माझा फोटो माझ्या जागी राहावा. यातलं काही मोडलं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. एकट्याच्या तक्रारीने काय होणार असं म्हणत बसलो तर दुसरी तक्रार कधी येणारच नाही.

सणासुदीला नवे फोन घेतले जातात. दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि बॅटरी किती चालते हे सगळेच विचारतात. या वेळी पैसे देण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा. या फोनच्या लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात का, आणि येत असतील तर माझ्यासमोर आत्ता बंद करून दाखवता का? विक्रेत्याला ते जमलं नाही, तर फोन परत काउंटरवर ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. गिऱ्हाईक कशामुळे परत गेलं, हे कंपनीला सगळ्यात लवकर कळतं.